इंजिनाला हळद

इंजिन मोंढ्याच्या फलाटाशी येऊन थांबलं आणि शितलनं बटण दाबलं. आता मागचा डबा सुटून जागच्या जागी राहायचा आणि इंजिन एकटंच पुढं निघून जायचं, असं तिचं बांधलेलं गणित होतं. इंजिन निघालं. डबाही निघाला, बाजाराला चाललेल्या आईच्या पदराला धरून लेकरू निघतं तसा.

"सुटला न्हाई," किशनराव म्हणाले.

सुटला नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पण किशनरावांनी म्हटल्याशिवाय या इमारतीत काही झालेलं मोजत नसत. वसमतच्या मोंढ्यात त्यांची हळदीची आडत होती आणि हे तांत्रिक विद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. संस्थेला पंचवीस वर्षं होत होती. परवा समारंभ, मुंबईहून पाहुणे येणार, आणि वर्कशॉपमधली ही खेळण्यातली गाडी त्या दिवसाचं मुख्य आकर्षण, असं निमंत्रणपत्रिकेवर छापूनही झालं होतं.

खेळण्यातली म्हणायची, पण टेबल बघा. दोन फळ्या जोडून केलेल्या त्या लांब टेबलावर इथं शिकवणाऱ्या शितल राठोडनं अख्खं वसमत उभं केलं होतं. स्टेशन, मोंढा, कापसाचं जिनिंग, लांब कोपऱ्यात साखर कारखान्याचं धुराडं. तिन्ही डब्यांमध्ये खरी हळकुंडं. इंजिनाचं अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार. आणि इंजिनाच्या शेपटीला तिचा जीव की प्राण असलेला आकडा. डब्याला धरणारा, आणि बटण दाबलं की विजेवर आपोआप उचलला जाऊन डब्याला सोडणारा. पितळेच्या नळीभोवती बारीक तांब्याच्या तारेची कॉईल, नळीत लोखंडाची दांडी, दांडीला जोडलेला आकडा. रुळांच्या मधोमध तिनं एक पट्टी बसवली होती. बटण दाबलं की त्या पट्टीतून वीज कॉईलला मिळायची, कॉईल दांडीला ओढायची, आकडा टक् करून वर. एक डबा मोंढ्यात सोडायचा, वळसा घालून दुसरा उचलून आणायचा. कोणी हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही, हेच तर होतं सगळं. शितल लहान असताना तिचा बाप देवला तिला बंजारा तांड्यावरून वसमत स्टेशनवर आणायचा. छोट्या लाईनीची गाडी यायची, आणि इंजिन सोडवायला एक माणूस फलाटावरून खाली उतरून इंजिन आणि डब्याच्या मधे शिरायचा. दोन लोखंडांच्या मधे माणूस. तो दिसेनासा झाला की शितलचा श्वास अडायचा, आणि तो कपाळ पुसत बाहेर आला की सुटायचा. "त्याच्यावाचून सुटत न्हाई का ओ गाडी, बा?" तिनं विचारलं होतं. देवला म्हणाला होता, "तुला जमतंय का बघ." तो हसण्यावारी बोलला. पोरीनं मनावर घेतलं.

"परत दाबा," किशनराव म्हणाले.

तिनं परत दाबलं. टक् असा आवाज यायला हवा होता. आला तो नुसता स्सस् असा, दात दुखणाऱ्या माणसानं श्वास ओढावा तसा.

"दसऱ्याआधी तर सुटत होता," शितल म्हणाली. "तुमच्या म्होरंच सुटला होता, साहेब."

"दसऱ्याआधी पाऊसबी पडत होता. आता पडून राहिला का?" किशनरावांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा बाई, पाहुण्यांसमोर असं झालं तर माझं नाक कापलं जाईल. देविदास सर, तुमचं काय म्हणणं?"

देविदास सर वर्कशॉपचे प्रमुख. गेली दोन वर्षं ते या टेबलाजवळ फक्त चहाचा कप ठेवायला यायचे. आता ते पुढं झाले, चष्मा कपाळावर चढवला आणि इंजिनाकडं असं वाकून पाहिलं की जणू नाडी बघताहेत.

"कॉईलचे गुंडाळे कमी पडले," ते म्हणाले. "मी राठोड मॅडमना पहिल्याच दिवशी सांगणार होतो."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाही ना, मॅडम." आणि मग किशनरावांकडं वळून, हसून, "यांच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाहिलं, यांनी एकदम इंजिनच धरलं. मधली पायरी राहिली, दुसरं काही नाही."

किशनराव हसले. शितल हसली नाही.  तिच्या आज्यानं मीठ वाहिलं हे खरंच होतं. काटेकुटे तुडवत, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या तालावर वाहिलं, आणि देविदास सरांच्या आज्याच्या भाजीत तेच पडलं असेल. पण हे बोलायची ही वेळ नव्हती.

"उद्या संध्याकाळपर्यंत," किशनराव दारातून म्हणाले, "सुटला तर ठीक. न्हाई तर तो आकडा चिकटवून टाका. गाडी नुसती गोल गोल फिरू द्या. लोकांना काय, फिरती गाडी दिसली म्हंजे झालं."

चिकटवून टाका. घराच्या दाराला बाहेरून कडी घालावी इतक्या सहज म्हणाले. ते गेले तरी तो शब्द तिथंच टेबलावर बसून राहिला.

शितलनं मीटर काढलं. बटणापाशी वीज होती. मधल्या पट्टीत वीज होती, शेवटच्या टोकापर्यंत बराबर होती. इंजिनाखालची, पट्टीवर घासत जाणारी पत्र्याची जीभ तिनं कानसीनं उजळली. वीज कॉईलपर्यंत पोचत होती. कॉईल तुटलेली नव्हती, जळलेली नव्हती, मीटरचा काटा जिथं यायला हवा तिथंच येत होता. मग तिला वाटलं, डब्याच्या ओढीनं आकडा ताणला जात असेल. ताणलेला आकडा सुटत नाही, हे तिला माहीत होतं. दोरीला ओढ असताना गाठ सुटत नाही तसंच. तिनं इंजिन बोटभर मागं घेतलं, आकड्याला ढील दिली, बटण दाबलं. स्सस्.

म्हणजे वीज बरोबर, कॉईल बरोबर, ढील बरोबर. उरलं काय? एखाद्या शहाण्या माणसानं तिथंच पुढचा स्क्रू खोलला असता. शितलही शहाणी होती. पण कानात ते वाक्य घुमत होतं, "गुंडाळे कमी पडले." मीटर एक सांगत होतं, माणूस दुसरं सांगत होता, आणि तिनं, ज्या गोष्टीपायी तिला पुढं स्वतःचाच सगळ्यात जास्त राग आला ती गोष्ट केली. तिनं माणसाचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कॉईल उलगडत बसली. केसाएवढी तार. उलगडताना तुटली, सांधली, पुन्हा तुटली. मग नवीन तार घेऊन गुंडाळायला बसली, जास्तीचे फेरे देत, ओठ दातांत धरून. दुपार कलली तेव्हा कॉईल पहिल्यापेक्षा जाड झाली होती, आणि शितलच्या बोटांची सालं गेली होती. बटण दाबलं.

स्सस्.

 मग तिनं पहिल्यांदा, वीजबीज सगळं विसरून, नखानं तो आकडा वर ढकलून पाहिला. आकडा हलला, पण चिखलातून पाय काढावा तसा. सोडला तर तिथंच अर्ध्यावर लोंबकळत राहिला. तिनं नळीतून लोखंडी दांडी ओढून काढली. दांडी तेलकट पिवळ्या राळेनं माखलेली होती. सांध्यात लाल खरपुडी धरलेली. तिनं ती नाकाशी नेली.

हळद. तिळाच्या तेलात कालवलेली हळद, आणि कुंकू.

तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी. वर्कशॉपमधली लेथ, ड्रिल, ऐरण, पाने, हातोड्या, सगळ्यांची पूजा. ती स्वतः त्या दिवशी तांड्यावर होती.

"रूपामावशी!"

रूपाबाई विद्यालयाच्या शिपाईबाई. झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं त्यांच्याकडं, आणि खंडेनवमीची पूजाही त्यांच्याकडं, कारण इमारतीतल्या सगळ्या यंत्रांना आपण लहानाचं मोठं केलं अशी त्यांची समजूत होती. त्या ओल्या हातांनी आल्या.

"इंजिनाला हळद तुमी लावली?"

"मग कोन लावील?" रूपाबाईंचा चेहरा उजळला. "लेथला कोरडी लावली, ड्रिलला कोरडी लावली. पर ह्याला म्हनलं तेलातली लावावी. नव्या लेकराला काय कोरडी लावत्यात? अंगाला लावली, चाकाला लावली, मागं ते इवलंसं हलतंय ना, तिथं बोट घालून घालून लावली. वर नारळाचं पानी शिपडलं." आणि त्यांनी तिथंच, ओल्या हातानं ताल धरत, त्या दिवशी म्हटलेली ओवी म्हणून दाखवली:

"पयली हळद लोखंडाला, दुजी हळद चाकाला,
नजर न्हाई लागायची माज्या शितलच्या ल्येकाला."

एरवी शितल विरघळली असती. आज तिनं ती दांडी मावशींच्या डोळ्यांपुढं धरली.

"ही बघा तुमची नजर! हितं बोट घातलं तुमी. नळीत तेल गेलं, हळद गेली, वाळून डिंक झाला. काल त्या दोघांनी माझी चामडी सोलली, सकाळधरून मी चांगली कॉईल उसवत बसले, आन् झालं हे होतं!"

"माज्या हळदीनं?"

"तुमच्या हळदीनं."

रूपाबाई ताठ झाल्या. "वसमतात जल्म गेला माजा. हळदीनं जखमा भरत्यात, हळदीनं लग्नं लागत्यात. हळदीनं बिगाड झाला असं आजवर कोन म्हनलं न्हाई. तूच पयली."

"मीटर म्हणून राहिलंय, मावशी, वीज बराबर हाय."

"त्या मीटरला म्हनावं, तुला बी लावलीय नवमीला. तू कसा चालतोस मग?"

याला उत्तर होतं. मीटरला हळद वरून लावली होती, आतून नाही. पण मावशी पाठ फिरवून निघून गेल्या होत्या, आणि शितल पेट्रोल आणायला सायकलवर टांग टाकून गॅरेजकडं निघाली होती. रस्ताभर ती स्वतःशी बोलत होती. चूक मावशीची, पण मावशीनं प्रेमानं केली. देविदास सरांनी तर नुसतं तोंड उघडलं. आणि आपण? आपल्या हातानं बनवलेली वस्तू, आपल्या मीटरनं तपासलेली, आणि एका चष्मा चढवणाऱ्या माणसानं हूं म्हटलं तर आपण ती उसवायला बसलो. तांड्यावरच्या पोरीनं असं दबायचं असतं हे कुठं शिकलो आपण? कोणी शिकवलं नाही. हवेतूनच येतं ते, मोंढ्यातल्या धुळीसारखं. आणि नाकात जातं.

बाटलीत पेट्रोल घेऊन ती परतली, तर टेबलापाशी देविदास सर वाकलेले. हातात चिकटवायच्या दोन नळ्या, काडीवर कालवलेला पांढरा लगदा. तिन्ही डबे एकमेकांना चिकटवून झाले होते. आता इंजिनाची पाळी होती.

"सर!"

देविदास सर दचकले. काडी त्यांच्याच बाहीला चिकटली.

"अध्यक्षांचा फोन होता, मॅडम. म्हणाले संध्याकाळ होत आली, रिस्क नको."

"संध्याकाळ झाली का? ऊन दिसून राहिलंय ना खिडकीत? माझ्या कामाला हात लावताना मला विचारायची रीत न्हाई का तुमच्यात?"

"एवढं काय त्यात? डबेच तर—"

"एवढं काय?" शितलचा आवाज असा चढला की शेजारच्या वर्गातली आठ-दहा पोरं दारात येऊन उभी राहिली. "काल तुमी म्हणलात गुंडाळे कमी. कशावरून म्हणलात? मीटर लावलं होतं? आकडा हलवून बघितला होता? नुसतं बघून म्हणलात, कारण माझ्याबद्दल काही म्हणायला बघावं लागत न्हाई तुमाला! आन् मी तुमचं ऐकलं. आता सरका."

देविदास सर सरकले.

तिनं नळी पेट्रोलनं धुतली. जुन्या धोतराच्या चिंधीची वात करून आतून फिरवली. वात पिवळी निघाली, दुसरी फिकट, तिसरी स्वच्छ. दांडी घासली, सांधा घासला, सगळं खडखडीत वाळू दिलं. तेल घातलं नाही. तेलावर धूळ बसते, आणि वसमतची धूळ म्हणजे अर्धी हळदच. दांडी नळीत सोडली तर ती आपल्या वजनानं सर्रकन खाली गेली. कॉईल जोडली. तोवर कोणीतरी निरोप पोचवला असावा, किशनराव आले होते.

"काय गोंधळ लावलाय?"

"बघा," शितल म्हणाली. तीन डब्यांची ती जुळी-तिळी भावंडं इंजिनाला जोडली, गाडी मोंढ्याशी आणली, इंजिन बोटभर मागं घेतलं, बटण दाबलं.

टक्.

इंजिन एकटंच पुढं गेलं. पोरं ओरडली. शितलनं गाडी पुन्हा जोडली, पुन्हा सोडली, जिनिंगपाशी, कारखान्यापाशी. टक्. टक्.

किशनरावांनी वाकून तो आकडा पाहिला. "काय झालं होतं?"

"पूजेची हळद आत गेली होती."

"हळद?" त्यांनी दाराकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे पाहुण्यांसमोर बोलायचं न्हाई. हळदीच्या गावात येऊन हळदीनं यंत्र बिघडलं म्हणता? उद्या पेपरात आलं म्हंजे?"

"न्हाई बोलत. पण गाडी सुटती आता."

"सुटती. आज सुटती. उद्या फोटो काढायच्या टायमाला पुन्हा पूजा व्हनार, पुन्हा हळद लागनार, पुन्हा अडकली तर?" त्यांनी मान हलवली. "चिकटवाच. सर, घ्या ती नळी."

शितलला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. चालतंय हे डोळ्यांनी बघून हा माणूस चिकटवा म्हणतोय. बिघडलेलं चिकटवलं असतं तर दुःख झालं असतं; चालतं चिकटवायचं म्हणजे काय? तिनं इंजिन उचलून छातीशी धरलं. पेट्रोलचा वास तिच्या ओढणीला लागला.

"न्हाई देनार."

"बाई, संस्थेची वस्तू आहे ती."

"संस्थेची असंल. संस्थेनं टेबल दिलं, खोली दिली. पण हे सुटावं म्हणून केलंय मी. नुसतं फिरायचं असतं तर बाजारातनं चावीचं आणलं असतं तुमी. उद्या बिघडलं तर पाहुण्यांसमोर खोलून दुरुस्त करीन. तेबी बघू द्या त्यांना. तांत्रिक विद्यालय हाय हे, देवघर न्हाई!"

शेवटचं वाक्य जरा जास्त गेलं. किशनरावांचा चेहरा आवळला.  आणि पोरांच्या मागून, हातातली बादली खाली ठेवण्याचा आवाज आला.

"देवघर न्हाई कसं?" रूपाबाई पोरांना बाजूला सारत आत आल्या. शितलकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. राग तसाच होता. "मी पंचवीस वर्सं हितं नवमी करते. पर सायेब, एक इचारते. उद्या ताट कोन धरनार?"

"तुम्हीच की, रूपाबाई."

"मग ऐका. नवमीला आपून हत्यार कशापायी पुजतो? ते काम करतंय म्हनून. मोडक्या पान्याला मी कवा कुंकू लावलं न्हाई, भंगारात टाकला. ह्याचा हात बांधून, तोंड चिकटवून तुमी मला म्हननार, मावशी, हळद लावा? मढ्याला लावत्यात का हळद? मी न्हाई लावनार. पाहुन्यांम्होरं ताट खाली ठिवीन आन् का ठिवलं तेबी सांगीन."

 देविदास सर बाहीवरची काडी ओढत होते. ती निघत नव्हती. किशनरावांनी रूपाबाईंकडं पाहिलं. आडतीवर दिवसभर शेकडो माणसांना भाव सांगणारा हा माणूस, पण संस्थेची पहिली घंटा याच बाईनं दिली होती आणि तेव्हा त्याच्या बापानं तिला हात जोडले होते, हे त्याला आठवत असावं.

"बिघडलं तर बघा," ते शेवटी म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. चपला वाजवत ते निघून गेले.

शितलनं इंजिन टेबलावर ठेवलं. टेबलावरच्या चिकटवायच्या नळ्या उचलून कोपऱ्यात भिरकावल्या. राग असा असतो. काम झालं तरी तो लगेच घरी जात नाही. तिनं चाकूचं पातं घेतलं आणि चिकटवलेल्या डब्यांच्या सांध्यात घातलं. लगदा वरून टणक झाला होता, आतून अजून ओला.

"मॅडम, मी मदत करू का?" देविदास सरांनी विचारलं.

"सर, तुमी फक्त हात खिशात घाला."

रूपाबाईंनी न बोलता पुढं होऊन एक डबा घट्ट धरला. शितलनं पातं चालवलं. पत्रा करकरत होता.

"मी अजून बोलत न्हाई तुज्याशी," रूपाबाई म्हणाल्या.

"बरं."

"पर उद्या ताट मलाच धरायचं हाय. तवा हळद कुठं लावायची ते आत्ताच सांग. मागनं ओरडायचं न्हाई पोरांम्होरं."

शितलनं पातं थांबवलं. इंजिनाच्या टपावर, पुढच्या बाजूला, जिथून खाली काहीच झिरपत नव्हतं तिथं तिनं बोट टेकवलं.

"हितं. कोरडी. एकच बोट."

"एकच?" रूपाबाईंनी डबा जरा जास्तच जोरात ओढला आणि तो खाडकन सुटून त्यांच्या हातात आला. "बाई गं बाई, केवढी चिकट हायेस तू. दोन लावीन मी. एक त्याला, एक तुज्या कपाळाला. त्यात तर न्हाई ना तुजी नळी?"

"न्हाई," शितल म्हणाली, आणि पातं दुसऱ्या सांध्यात घातलं.